वाईट सालाची वाईन

फ्रान्समधल्या बोर्डोत वाईन विकणारा माणूस आधी साल सांगतो, मग गाव, आणि चवीचं सगळ्यात शेवटी. २००५, २००९, २०१०, २०१६ ही तिथली लाडकी सालं. २०१३चं नाव काढा, लगेच विषय बदलतो. मला याचा राग आला. आमची निफाडला द्राक्षबाग आहे, आणि एखाद्या वर्षाला असं सरसकट नापास केलेलं माझ्याच्यानं ऐकवत नाही.

शहरात छान गेले दिवस. गारोन नदीचा काठ, ट्राम, कॅनले नावाचा करपट-गोड केक, सगळं मनापासून आवडलं. पण खरी ओढ होती ती उत्तरेकडच्या मेदोक या द्राक्षपट्ट्याची.

तिथला पहिला अनुभव मात्र फार वाईट होता. पॉइयाक गावाजवळच्या एका बड्या शातोत, म्हणजे वाईन बनवणाऱ्या बागेत, आम्हाला घोळक्यानं फिरवलं. २२५ लिटरच्या ओकच्या पिंपांच्या रांगा दाखवल्या, १८५५च्या प्रतवारीचा इतिहास ऐकवला, आणि शेवटी काउंटरवर अगदी ताज्या सालाची घोटभर वाईन हातात ठेवली. इतकी तुरट की जीभ टाळ्याला चिकटली. 'ही वीस वर्षांनी प्या,' असं वर सांगितलं. मग आज का पाजता? पाहुण्याला कच्चं वाढून पैसे घेणं ही कुठली रीत? पुढचा घोळका दारात उभाच होता, त्यामुळे विचारायलाही कुणी थांबलं नाही.

मेदोकमधून जाणारा डी-२ हा रस्ता मात्र प्रत्येक द्राक्ष बागायतदारानं एकदा पाहावा. १८८०च्या दशकात बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे याच भागात, सँ-जुलियँ गावाच्या बाजूला फिरत होते. वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना मारत. डावणी रोगानं आतल्या वेलींची पानं झडली होती, या कडेच्या मात्र हिरव्यागार. मिलार्देंनी त्यावर प्रयोग केले आणि १८८५मध्ये ते जाहीर केले. तेच आपलं बोर्डो मिश्रण. बाबांनी आयुष्यभर जे फवारलं त्याचा उगम या रस्त्याच्या कडेला आहे हे कळल्यावर मी गाडी थांबवून खाली उतरले आणि बराच वेळ नुसती वेली बघत राहिले.

मेदोकमधल्याच सँ-एस्तेफ गावी एका छोट्या घरगुती बागेत आधी फोन करून गेले होते. साठीतल्या बाई आणि त्यांची सून, बाकी कुणी नाही. मी द्राक्षवाल्यांच्या घरची, हे सांगितल्यावर बाईंनी माझे हात उलटसुलट करून पाहिले, काहीतरी पुटपुटल्या आणि तळघराकडे निघाल्या. परत आल्या त्या चार बाटल्या घेऊन: २०१६, २०१३, २०१० आणि २००३.

जुनी बाटली ओततानाचं त्यांचं काम बघण्यासारखं होतं. टेबलावर मेणबत्ती, तिच्यावर बाटलीची मान आडवी धरलेली, आणि वाईन एका धारेत काचेच्या सुरईत. मानेतून जाणारी धार उजेडात लाल दिसते. तिच्यात काळपट गाळाची पहिली रेघ आली की हात थांबला. द्राक्षाच्या सालीबियांतलं जे तुरट असतं, त्याचे कण वर्षानुवर्षं एकमेकांना आणि रंगाला धरत मोठे होतात, जड होतात आणि तळाशी बसतात. म्हणून वाईन मऊ होते, आणि जांभळा रंग हळूहळू विटकरी होतो. सून हे सांगत होती, बाई पेला पांढऱ्या फडक्यावर तिरका धरून कडेचा रंग दाखवत होत्या.

२००३ हे युरोपातल्या त्या भयंकर उष्णतेच्या लाटेचं साल. वाईन उकडलेल्या मनुक्यासारखी असेल असं वाटलं होतं, पण सँ-एस्तेफच्या चिकणमातीनं ओल धरून ठेवली, त्यामुळे ती अजून ताठ होती. २०१६ला जूनपर्यंत पाऊस आणि मग कोरडा उन्हाळा. चव स्वच्छ, पण वय कोवळं. २०१०ची ख्याती खूप. कोरडं वर्ष, रात्री थंड. सकाळी उघडून ठेवलेली असूनही ती दार लावूनच बसली होती. काळीभोर, दणकट, आणि माझ्याशी एक शब्द न बोलणारी.

मग २०१३.

त्या वर्षी वसंत थंड आणि ओला गेला. फुलोरा लांबला, त्यात पाऊस, मग गळ. शेवटी पिकायच्या वेळेला कूज. निफाडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे फळासाठी केलेल्या गोडी छाटणीनंतर ऐन फुलोऱ्यात अवकाळी आला की घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. बाईंनी तेव्हा एकेक घड हातात घेऊन सडके मणी काढले होते, आणि वाईन नेहमीच्या निम्मीसुद्धा झाली नव्हती. 'दहाला आम्ही नुसती तोडणी केली,' त्या म्हणाल्या. 'तेराला रोज बागेत होतो.'

पेल्याची कड विटकरी झालेली. पहिल्या वासाला ओली माती, मग तंबाखूचं पान, मग लाल करवंदाचा आंबटपणा. अंगानं हलकी, पण तुरटपणा पार विरघळलेला. चारांतली हीच आज पिण्याजोगी होती. थोर सालांना थांबावं लागतं. या सालाकडे साठवायला फारसं नव्हतंच, म्हणून ते लवकर तयार झालं. मी दुसऱ्यांदा पेला पुढे केला तेव्हा बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी बाबांच्या चेहऱ्यावर पाहिलंय, मार खाल्लेल्या मालाला व्यापाऱ्यानं बरा भाव दिला होता तेव्हा.

२०१३ची किंमत २०१०च्या निम्म्याहून कमी. मी तीच घेतली. २०१०ला बारा-चौदा अंशांचं अंधारं तळघर हवं, आणि आमच्याकडे एप्रिलात पारा चाळिशीला टेकतो. तिला तिथेच राहू दे.

मेदोकला गेलात तर बड्या शातोच्या रांगेत उभे राहू नका. लहान शेतकऱ्याकडे आधी फोन करून जा आणि पडलेलं साल मागा. २०१७सुद्धा मागा. त्या वर्षी एप्रिलअखेर हिमकडाक्यानं कितीतरी बागांचे कोवळे कोंब जळाले, पण गिरोंद खाडीच्या काठच्या बागा पाण्याच्या उबेनं वाचल्या. तुमच्या पुढ्यात २०१६ आधी ठेवतील. दुसऱ्यांदा मागितलं की आणून देतात.