दोरी, दगड आणि फुलं

उत्तर युगांडात जोसेफ कोनीच्या ‘लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी’ या बंडखोर सशस्त्र गटाने वर्षानुवर्षं गावागावांतून मुलं पळवली आणि लढायला लावली. निसटून आलेल्यांसाठी तिथल्या गुलू शहरात केंद्रं होती. तिथे जखमा भरायच्या, अंगावर मांस चढायचं, मग मूल घरी जायचं. रात्री किंचाळत उठणं मात्र सुटायचं नाही.

अशा मुलांना ‘मन मोकळं कर’ म्हणणं पुरत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तिथल्या ८५ माजी बालसैनिकांपैकी एका गटाला नॅरेटिव्ह एक्सपोजर थेरपी, म्हणजे आयुष्याची गोष्ट क्रमाने सांगत घाव उलगडायचा उपचार, दिली. दीड-दोन तासांच्या ८ बैठका, आणि त्या घेणारी प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं. वर्षभरानंतर या गटाचा त्रास इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी झालेला दिसला.

या उपचारात सुरुवातीला जमिनीवर दोरी अंथरायची. एक टोक म्हणजे जन्म. चांगल्या आठवणीला फूल, वाईट आठवणीला दगड, मोठा घाव तर मोठा दगड. मुलाने स्वतः कुणाला मारलं असेल तर तिथे काठी. दुसऱ्या टोकाची दोरी गुंडाळलेलीच ठेवायची, ते अजून जगायचं आयुष्य. मग बैठकीगणिक त्याच क्रमाने एकेक दगड. ‘आम्हाला मारलं’ एवढ्यावर पुढे जायचं नाही. कुठे उभा होतास, कसला वास येत होता, छातीत काय झालं, आत्ता काय होतंय? दर बैठकीला मागचं लिहिलेलं वाचून दाखवायचं, शेवटच्या बैठकीला सगळं, आणि तो कागद मुलाच्या हातात द्यायचा.

काम बिघडतं ते बहुतेक ऐकणाऱ्यामुळे. त्यालाच ऐकवत नाही, मग तो विषय बदलतो, काठी टाळून जातो. धडधड उतरायच्या आत बैठक आवरली तर भीती आणखी घट्ट बसते. घड्याळ बघून उठूच नये. मूल शून्यात बघायला लागलं तर हातात गार पाण्याचा पेला द्यावा, पाय जमिनीवर दाबायला सांगावं, आजचा वार विचारावा.

एवढं करूनही गाव ‘खुनी’ म्हणत असेल तर मूल पुन्हा मिटतं. ‘जंगलातली पोरं’, म्हणजे बंडखोरांच्या कैदेत झालेली मुलं, घेऊन आलेल्या मुलींना तर सर्वांत जास्त सोसावं लागतं. म्हणून घरच्यांची तयारी आधी करायला हवी. उत्तर युगांडातल्या अचोली लोकांत यासाठी विधी आहे. आपल्याकडे उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकतात, तसं तिथे परतणारा अंगणाच्या तोंडाशी कच्च्या अंड्यावर पाय देतो. शेजारी ओपोबो झाडाची बुळबुळीत फांदी असते आणि लायिबी, म्हणजे धान्याच्या कणगीचं झाकण उचलून धरायची काठी. जिथे जेवत होतास, तिथेच परत आलास, असा तिचा अर्थ. या विधीने दुःस्वप्नं थांबतात असं मानून उपचार टाळू नयेत. पण ती कणगीची काठी मुलासमोर धरायला सगळं घर अंगणात येतं, हे कुठल्याही बैठकीत घडवता येत नाही.