आयसेलकाठचे डेव्हेंटर: पायी पाहण्याचे एक जुने नदीनगर

नेदरलँड्सला येणारे बहुतेक मराठी प्रवासी अ‍ॅमस्टरडॅम, केउकेनहोफची ट्यूलिपची बाग आणि झान्से स्खान्सच्या पवनचक्क्या पाहून पुढच्या देशाकडे वळतात. ही ठिकाणे सुंदरच आहेत, परंतु तेथे दिसतो तो मुख्यतः सतराव्या शतकात आणि त्यानंतर समुद्रावर श्रीमंत झालेला देश, म्हणजे आपल्या वेंगुर्ल्यात वखार घालणाऱ्या डच ईस्ट इंडिया कंपनीचा देश. त्याआधीची काही शतके येथील मोठा व्यापार पूर्वेकडच्या नद्यांवरून चालत असे आणि त्या काळाच्या खुणा आयसेल नदीच्या काठावरील गावांत आजही पायी फिरून पाहता येतात. त्या गावांपैकी डेव्हेंटर मला सर्वांत आवडते. पुढील मजकूर तेथील भटकंतीविषयी आहे आणि तो वाचून कोणी जाणार असेल, तर उपयोगी पडतील अशा सूचनाही ओघात दिल्या आहेत.

रेल्वे स्थानकातून बाहेर पडल्यावर लोक सहसा दहा मिनिटांवर असलेल्या ब्रिंक या मोठ्या चौकाकडे जातात. माझा आग्रह असा आहे की तो चौक थोडा वेळ बाजूला ठेवून आधी सरळ नदीवर जावे, वेल्ले नावाच्या घाटरस्त्यावरून छोट्या नावेने पलीकडच्या वोर्प किनाऱ्यावर उतरावे आणि तेथून शहराकडे पाहावे. ही नाव पादचाऱ्यांना आणि सायकलस्वारांना घेऊन सारखी ये-जा करीत असते. नाव बंद असेल, तर विल्हेल्मिना पुलाच्या पदपथावरून चालत जाता येते. पलीकडून पाहिले की संपूर्ण रचना एका नजरेत समजते: समोर नदीला लागून उभ्या असलेल्या घरांची रांग, तिच्यामागे लेबुइनुस चर्चचा घुमटी शिखराचा मनोरा आणि उजव्या हाताला उंचवट्यावर बेर्खकेर्क या चर्चचे दोन टोकदार मनोरे. सपाट म्हणून प्रसिद्ध असलेल्या देशात हा उंचवटा आला कोठून, तर तो नदीनेच आणलेल्या वाळूचा आहे. पुराच्या पाण्यापासून सुरक्षित अशी ही कोरडी जागा पाहूनच येथे वस्ती झाली.

आयसेल ही ऱ्हाईन नदीची एक शाखा आहे. अर्नेम शहराजवळ ती मुख्य प्रवाहापासून फुटून उत्तरेकडे वाहते. 1932 मध्ये मोठा बांध घालून झाउडरझे हा समुद्राचा आत शिरलेला भाग बंद करण्यात आला, त्यापूर्वी आयसेल थेट त्या खाऱ्या पाण्याला मिळत असे. म्हणजे जर्मनीतून ऱ्हाईनवरून आलेला माल आयसेलमार्गे समुद्रात आणि तेथून बाल्टिकच्या किंवा नॉर्वेच्या बंदरांत जाऊ शकत होता. डेव्हेंटर या वाटेवर बसलेले होते, म्हणून ते हान्सा या व्यापारी नगरसंघाचे सदस्य झाले, येथे वर्षातून पाच मोठ्या जत्रा भरू लागल्या आणि नॉर्वेतील बर्गनहून येणाऱ्या सुक्या माशांच्या व्यापारावर कित्येक घराणी उभी राहिली. पुढे नदीचे पात्र गाळाने उथळ होत गेले, स्पॅनिश राजवटीविरुद्धच्या युद्धात शहराला वेढे पडले आणि व्यापार पश्चिमेकडे अ‍ॅमस्टरडॅमला सरकला. मध्ययुगीन गल्ल्या बऱ्याच प्रमाणात शिल्लक राहिल्या त्यामागे ही मंदीही आहे, कारण जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसा पुढे गावाकडे फारसा राहिला नाही.

वोर्पच्या काठावर थोडे अधिक रेंगाळावे असे मी सांगेन, कारण येथे आजची नदीही पाहण्यासारखी आहे. 1995 च्या पुरात या देशातील सुमारे अडीच लाख लोकांना नदीकाठची घरे सोडावी लागली होती. त्यानंतर केवळ बांधांची उंची वाढवीत न बसता नदीलाच पसरायला जागा करून द्यायची, असे धोरण सरकारने स्वीकारले. त्या मोहिमेत डेव्हेंटरसमोरच्या पूरमैदानात जोडप्रवाह, म्हणजे मुख्य पात्राच्या बाजूने वाहणारे जादा प्रवाह, खोदण्यात आले. उन्हाळ्यात या मैदानात चरणाऱ्या गायी दिसतात आणि पाण्याच्या कडेने छान चालता येते. हिवाळ्यात पाणी चढले की हेच मैदान नदीचे पात्र होते, क्वचित वेल्ले रस्ताही पाण्याखाली जातो आणि नाव बंद ठेवली जाते. त्यामुळे डिसेंबर ते मार्च या काळात जाणाऱ्यांनी पाण्याची पातळी आदल्या दिवशी अवश्य तपासावी.

नावेने परत आल्यावर चढ चढून बेर्खक्वार्टियर या टेकडीवरील वस्तीत शिरावे. येथील रस्ते अरुंद आहेत, त्यांत गोट्यांची फरसबंदी आहे आणि चढ आपल्या पायांना किरकोळ वाटला, तरी या देशाच्या मानाने तो मोठाच म्हणावा लागेल. केर्कस्टेख या गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले की घरांच्या दोन ओळींच्या मधोमध, वरच्या टोकाला, बेर्खकेर्कचे जुळे मनोरे दिसतात. हे चर्च 1200 च्या सुमारास उभे राहू लागले आणि ते खलाशांचा रक्षक मानल्या जाणाऱ्या संत निकोलसला अर्पण केलेले होते. व्यापाऱ्यांच्या वस्तीत दुसऱ्या कोणत्या संताची निवड होणार होती! आता तेथे नियमित उपासना होत नाही, कलाप्रदर्शने भरतात. आज इतका नेटका दिसणारा हा भाग विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडकळीला आलेला होता. 1960 च्या दशकाच्या अखेरीस घरांची एकेक करून दुरुस्ती सुरू झाली आणि लोक पुन्हा तेथे राहायला आले. खिडक्यांच्या आत दिवे आहेत, दारात सायकली आहेत, ही गोष्ट मला कोणत्याही सजावटीपेक्षा मोलाची वाटते. त्यामुळेच खिडक्यांतून डोकावून छायाचित्रे काढू नयेत, एवढे भान प्रत्येकाने ठेवावे.

टेकडीवरून उतरले की ब्रिंक चौक लागतो. चौकाच्या एका टोकाला 1528 मध्ये बांधलेली ‘दे वाख’ ही वजनकाट्याची इमारत आहे. बाजारात येणारा माल नगराच्या अधिकृत काट्यावर येथे तोलला जाई आणि त्यावर कर घेतला जाई, त्यामुळे परक्या व्यापाऱ्याचा विश्वास आणि नगराची तिजोरी ही दोन्ही या एका इमारतीवर अवलंबून होती. बाहेरच्या भिंतीवर एक मोठी तांब्याची कढई टांगलेली आहे. खोटी नाणी पाडणाऱ्याला तिच्यात उकळून मारले, अशी आठवण सांगितली जाते. व्यापारावर जगणारे नगर खोट्या नाण्याला किती भीत असे, हे त्या कढईकडे पाहून कळते. आत शहराच्या इतिहासाचे संग्रहालय आहे आणि ते पाहण्यासाठी तासभर पुरतो. चौकातीलच पेनिंक्सहाउस या घराच्या दर्शनी भिंतीवर सद्गुणांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत, त्या मान वर करून पाहाव्या लागतात आणि घाईत नजरेतून सुटतात. शुक्रवारी आणि शनिवारी चौकात बाजार भरतो. तेव्हा इमारतींचे मोकळे दर्शन होत नाही, पण चौक ज्या कामासाठी निर्माण झाला ते काम चाललेले दिसते, म्हणून मी शनिवारच निवडेन. येथेच बुसिंक यांच्या दुकानात राय धान्याचे पीठ आणि मध घालून केलेला ‘डेव्हेंटर कूक’ मिळतो. तो घट्ट, काळसर आणि टिकाऊ असतो, लोणी लावून चहाबरोबर चांगला लागतो आणि घरी नेण्यासाठी उत्तम आहे. अंडे वर्ज्य असणाऱ्यांनी वेष्टनावरील घटक वाचून घ्यावेत, कारण त्याचे प्रकार अनेक आहेत.

डेव्हेंटरचा जो पैलू मला सर्वांत जवळचा वाटतो तो पुस्तकांचा आहे. 1340 मध्ये येथे जन्मलेल्या खेर्ट ख्रोते यांनी आपले घर गरीब स्त्रियांना राहण्यासाठी दिले आणि साधे, आत्मपरीक्षणाचे धर्मजीवन जगावे अशी शिकवण दिली. त्यांच्या प्रेरणेने निर्माण झालेला बंधुसंघ भिक्षेवर अवलंबून न राहता हस्तलिखितांच्या नकला करून उपजीविका चालवीत असे. पुढे युरोपभर गाजलेला विद्वान इरॅस्मस लहानपणी येथील लॅटिन शाळेत शिकला. 1477 पासून रिखार्ड पाफ्राट यांनी येथे मुद्रण सुरू केले आणि त्या शतकाच्या अखेरपर्यंत डेव्हेंटर हे या प्रदेशातील मुद्रणाचे एक अग्रगण्य केंद्र झाले. शाळा, नकलाकार आणि नदीमार्ग हे तिन्ही एकत्र असल्यामुळे पुस्तके तयारही होत आणि दूरवर जातही. 1560 मध्ये नगराने एका धर्मगुरूचा ग्रंथसंग्रह विकत घेतला आणि त्यातून आजचे आथेनेउम ग्रंथालय वाढले. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी नदीकाठापासून गावात आतपर्यंत जुन्या पुस्तकांचा प्रचंड बाजार भरतो. पुस्तकवेड्यांनी तो दिवस साधावा. भाषा येत नसली तरी नकाशे, जुनी चित्रे आणि इंग्रजी पुस्तके भरपूर मिळतात.

तेथून लेबुइनुस चर्चकडे जावे. लेबुइनुस हा आठव्या शतकात इंग्लंडहून आलेला धर्मप्रचारक होता आणि 768 च्या सुमारास त्याने येथे लाकडी चर्च उभारले. आजच्या दगडी चर्चखालचे तळघर अकराव्या शतकातले आहे. त्यातील पिळदार खांब पाहिल्याशिवाय बाहेर पडू नये. वरचे विशाल दालन उत्तर मध्ययुगातले आणि मनोऱ्याचा माथा 1613 मधला, हेंड्रिक दे केइसर यांच्या आराखड्याचा. मनोरा चढण्याची सोय ठरावीक काळातच असते. शेजारच्या नव्या नगरभवनाच्या खिडक्यांपुढे दोन हजारांहून अधिक रहिवाशांच्या बोटांचे ठसे धातूच्या जाळ्यांत उतरविले आहेत. जुन्या वस्तीत नवे बांधकाम कसे करावे याचा हा मला पटलेला नमुना आहे. जवळच्या सांद्रास्टेख गल्लीत 1130 च्या सुमाराचे एक दगडी घर उभे आहे आणि ते देशातील सर्वांत जुने दगडी घर मानले जाते.

एक ठिकाण मात्र घाईने पाहू नये. एटी हिलेसुम ही ज्यू तरुणी डेव्हेंटरमध्ये वाढली, तिचे वडील येथील शाळेचे मुख्याध्यापक होते. नाझी राजवटीत तिने लिहिलेली रोजनिशी आणि पत्रे तिच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी प्रसिद्ध झाली. 1943 मध्ये आउश्वित्झ येथील नाझी छळछावणीत तिचा अंत झाला, तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. रोखेस्त्राट या रस्त्यावर तिच्या स्मृतीला वाहिलेले केंद्र आहे आणि नदीकाठी तिचे स्मारक आहे. केंद्राच्या वेळा मर्यादित असतात, त्या आधी पाहून ठेवाव्यात.

आता प्रवासाविषयी. स्खिपोल विमानतळावरून एन्स्खेडेकडे जाणाऱ्या इंटरसिटी गाड्या डेव्हेंटरला थांबतात, प्रवास साधारण सव्वा ते दीड तासाचा आहे. तिकीट वेगळे काढण्याची गरज नाही, संपर्करहित बँक कार्ड स्थानकावरील यंत्राला लावून आत जाता येते. मात्र उतरल्यावर तेच कार्ड पुन्हा लावलेच पाहिजे, अन्यथा जास्त रक्कम कापली जाते. भारतातील कार्ड असल्यास परदेशी व्यवहारांची परवानगी निघण्यापूर्वीच सुरू करून घ्यावी. अनेक दुकानांत रोख रक्कम घेत नाहीत. सोमवारी संग्रहालये बहुधा बंद असतात. मी सांगितलेली फेरी सावकाश चालले तर पाच-सहा तासांत होते. गोट्यांच्या रस्त्यांवर जाड तळव्यांचे बूट हवेत आणि बाबागाडी किंवा चाकांची खुर्ची असेल, तर टेकडीवरचा भाग कष्टाचा जाईल, त्यांनी नदीकाठ, ब्रिंक आणि लेबुइनुस चर्च एवढेच ठरवावे. वयस्कर आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनाही माझा हाच सल्ला आहे. नदीवर वारा सतत असतो, म्हणून जूनमध्येही पातळ विंडचीटर जवळ असावा. नाताळच्या आधी, इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स याच्या नावाने भरणाऱ्या डिकन्स महोत्सवात बेर्खक्वार्टियरमध्ये शिरण्यासाठी लांब रांग लागते. तो उत्सव पाहायचा असेल तरच त्या दिवशी जावे, शहर पाहण्यासाठी तो दिवस योग्य नाही.

हाती दुसरा दिवस असल्यास डेव्हेंटरला मुक्काम करून सकाळी रेल्वेने झुटफेनला जावे, प्रवास पाव तासाचाही नाही. तेही आयसेलकाठचे हान्सा नगर आहे आणि त्याच्या वालबुर्गिस चर्चमध्ये सोळाव्या शतकातले असे ग्रंथालय आहे की ज्यातील पुस्तके आजही साखळीने मेजांना बांधलेली आहेत. तेथे प्रवेशाची वेळ ठरलेली असते, म्हणून झुटफेनला उतरताच प्रथम ते पाहावे आणि गाव नंतर फिरावे.