मारलं नाही, झोपवलं: मेमरी.हायचा माझा अनुभव

मेमरी.हाय म्हणजे लिनक्समध्ये प्रोसेसच्या (चालू प्रोग्रामच्या) मेमरीवर घालता येणारी एक मर्यादा. आमच्याकडे रात्री हिशेबांचा मेळ घालणारा एक बॅच जॉब, म्हणजे आपोआप चालणारं मोठं काम, लिनक्स सर्व्हरवर चालतो. एरवी पहाटे आटोपतो. त्या महिनाअखेरीला मात्र सकाळी ऑफिस भरलं तरी तो चालूच होता. लॉगमध्ये एकही एरर नाही, सीपीयू रिकामा, डिस्क शांत, सर्व्हरवर रॅम भरपूर मोकळी. चालू प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या 'टॉप'मध्ये जॉबची प्रोसेस 'डी' अवस्थेत, म्हणजे कशाची तरी वाट पाहत गाढ झोपलेली, दिसायची. 'डी' दिसलं की पहिला संशय डिस्कवर जातो, त्यामुळे स्टोरेजवाल्यांची सकाळ त्यातच गेली. तिथे काहीच सापडलं नाही.

उलगडा झाला तो प्रॉक डिरेक्टरीत, जिथे कर्नल (लिनक्सचा गाभा) चालू प्रोसेसची माहिती मांडतो. तिथे प्रत्येक प्रोसेसची 'स्टॅक' नावाची फाइल असते; रूट (सर्वाधिकार असलेला यूजर) म्हणून ती उघडली की प्रोसेस कर्नलच्या कुठल्या फंक्शनमध्ये थांबली आहे ते कळतं. आमच्या प्रोसेसपुढे नाव होतं 'मेम_सीग्रुप_हँडल_ओव्हर_हाय'. ती डिस्कची किंवा नेटवर्कची वाट पाहत नव्हती, कर्नलनेच तिला मुद्दाम झोपवलं होतं!

सीग्रुप ही प्रोसेसचे गट करून त्यांना मर्यादा घालणारी कर्नलची सोय. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत मेमरीला दोन वरच्या मर्यादा लावता येतात. मेमरी.मॅक्स ओलांडायची वेळ आली आणि काहीच मोकळं करता आलं नाही, तर कर्नलचा ओओएम किलर ('आउट ऑफ मेमरी', म्हणजे मेमरी संपल्यावर धावून येणारा) प्रोसेस मारतो. मेमरी.हाय मारत नाही. ती ओलांडू देते, पण मग त्याच प्रोसेसला आपली जुनी पानं (मेमरीचे छोटे तुकडे) मोकळी करायला लावते. तेवढ्याने भागलं नाही, तर कर्नलमधून यूजरस्पेसला, म्हणजे प्रोग्रामच्या स्वतःच्या कोडकडे, परतताना तिला झोपवते. मर्यादेच्या जितकं वर जाल तितकी झोप वाढते, तीही वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे दुप्पट वर गेलं तर चौपट. एका वेळी जास्तीत जास्त 2 सेकंद. ही झोपवण्याची सोय 2019 मध्ये, लिनक्स 5.4 मध्ये आली. त्याआधी मोकळं करण्यासारखं काही उरलं नाही की प्रोसेस मर्यादा ओलांडून सरळ पुढे जायची.

आमच्याकडेही मोकळं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सर्व्हरवरची कामं चालवणाऱ्या सिस्टमडीच्या युनिटमध्ये (जॉबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) मेमरीहाय 6 जीबी आणि सर्व्हरवर स्वॅप, म्हणजे मेमरीतली पानं डिस्कवर हलवायची जागा, बंद. सीग्रुपच्या मेमरी.स्टॅट या फाइलमध्ये पाहिलं तर जवळजवळ सगळी मेमरी 'अ‍ॅनॉन' (डिस्कवरच्या कुठल्याही फाइलशी न जोडलेली) होती, म्हणजे स्वॅपशिवाय ती हलवायला जागाच नाही. मेमरी.इव्हेंट्समध्ये 'हाय'चा, म्हणजे मर्यादा ओलांडल्याचा, आकडा डोळ्यांदेखत चढत होता आणि मारलेल्या प्रोसेसचा 'ओओएम_किल' शून्यावर. मेमरी.प्रेशरमधला 'फुल', म्हणजे मेमरीपायी सगळंच काम अडून राहिलेल्या वेळेची टक्केवारी, नव्वदीच्या पुढे गेलेला.

जॉब न मारता सिस्टमसीटीएल या सिस्टमडीच्या कमांडच्या सेट-प्रॉपर्टीने, रनटाइम (तात्पुरत्या बदलाचा) पर्याय देऊन, मर्यादा वाढवली. पुढच्या काही क्षणांत सीपीयू कामाला लागला आणि दुपारच्या आत मेळ पूर्ण झाला. रात्रभराचं काम वाया गेलं नाही, आणि त्यासाठी मला कर्नलच्या या धोरणाबद्दल खरंच आदर वाटतो. पण ते एकट्याने पुरत नाही. कर्नलच्या दस्तऐवजातही मेमरी.हायसोबत बाहेरून लक्ष ठेवणारं कोणीतरी असावं असंच सांगितलं आहे.

आता मेमरी.प्रेशरवर अलर्ट आहे, थोडा स्वॅप दिला आहे आणि हायच्या बरंच वर मेमरी.मॅक्सही ठेवली आहे. महिन्याचे सगळे व्यवहार एकदम मेमरीत ओढणारा भाग तेवढा तुकड्यातुकड्यांनी वाचणारा करायचा राहिला आहे. ते काम पुढच्या महिनाअखेरीच्या आत संपवायचं ठरलंय.