यंत्राचा काना, कुंचल्याचा काना

टाइपरायटरची शिस्त आणि कुंचल्याचा फटकारा एकाच देवनागरी फॉन्टमध्ये आणायचा, असं ठरवून काम सुरू केलं होतं. अक्षरं वाईट नव्हती, पण दोन्ही गोष्टी नुसत्या एकमेकींवर चढवल्यासारख्या दिसत. मग एका दुपारी जुना टंकलिखित कागद स्कॅन करून पडद्यावर मोठा केला आणि 'ख'पाशी थांबले.

४६ कळांच्या टाइपरायटरवर ९२ चिन्हं बसतात. तेवढ्यात देवनागरी मावायची, म्हणून 'ख', 'घ', 'थ', 'भ', 'श' यांना अख्खी कळ मिळत नाही. आधी अर्धं अक्षर, मग काना. दोन ठोक्यांत एक अक्षर. शिरोरेषेतला सांधा पडद्यावर स्वच्छ दिसत होता. कान्याच्या डोक्यावरची रेघ केसभर वर बसलेली.

आणि कुंचल्याने 'ख' कसा काढतो? आधी अंग, मग हात उचलून काना वरून खाली ओढायचा. म्हणजे यंत्र आणि हात, दोघंही अक्षर एकाच जागी तोडतात! इतका आनंद मला या कामात क्वचितच झाला असेल.

बाकीचा दिवस काने काढण्यात गेला. चपटा कुंचला, शाई बेताची. वर भरीव आणि खाली फाटत गेलेले. निवडक काने स्कॅन करून बाह्यरेषा आखल्या आणि फॉन्टमध्येच नियम घातला, की लागोपाठच्या अक्षरांना तोच काना येऊ नये. टाइपरायटरवर कान्याचा खिळा, म्हणजे धातूचा ठसा, एकच असतो हे खरं, पण रिबनची शाई आणि बोटाचा जोर तिथेही फरक करतातच. शिरोरेषेला मात्र सूट नाही. मधे ती हवी तेवढी फुगू दे, घराच्या, म्हणजे दर ठोक्याला मिळणाऱ्या जागेच्या, दोन्ही कडांना उंची आणि जाडी ठरलेलीच. नाहीतर शब्द तुटतो.

'र' सर्वांत छान जमला. घरं सगळी सारख्या रुंदीची, त्यामुळे बारक्या 'र'ला आपलं घर भरायला पाय लांब टाकावा लागतो, आणि असा ओढा कुंचल्याला फार शोभतो.

संध्याकाळी १२ पॉइंटात छापून पाहिलं. रेघांच्या पोटातले कोरडे ओरखडे बुजून डाग पडत होते. ते काढले, टोकांचे ठेवले. 'क्ष' अजून दोन घरांत दाटीने बसतोय. त्याला तिसरं घर द्यायला माझं मन होत नाही. आधी त्याची गाठ जरा वर घेऊन बघते.