तळहात वळेना

"बटणच दाबायचं ना?" रेडिओग्राफीला, म्हणजे एक्स-रे काढण्याच्या शिक्षणाला, प्रवेश घेतला तेव्हापासून हा प्रश्न मी ऐकत आलेय. बटण दाबायला खरंच काही लागत नाही. खांद्याचं एक्सपोजर, म्हणजे किरण सोडणं, डोळ्याची पापणी लवेपर्यंत होऊन जातं. त्याआधीची दोन-चार मिनिटं हेच आमचं काम: माणसाला कुठे बसवायचं, किती अंशांत वळवायचं, हनुवटी कुठे, श्वास कधी धरायला सांगायचा. याला पोझिशनिंग म्हणतात. पहिल्या वर्षी तो पाठांतराचा विषय वाटतो आणि पाठ करून पासही होता येतं.

पहिल्या वर्षी डोक्यात भरलेलं असतं ते भौतिकशास्त्र. केव्ही (ट्यूबचा व्होल्टेज) वाढवला की किरणांची भेदकता वाढते, एमएएस (करंट गुणिले वेळ) वाढवला की किरणांची संख्या वाढते, अंतर दुप्पट केलं की तीव्रता चौथाईवर येते. परीक्षेत हेच विचारतात, म्हणून वाटतं की धंदा हाच. आमचे सर, म्हणजे विभागातले सीनियर रेडिओग्राफर, याला फारशी किंमत देत नसत. रॉन्टगेननं २२ डिसेंबर १८९५ ला बायकोच्या हाताचा काढलेला एक्स-रे आमच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात होता. तो दाखवून ते म्हणायचे, "अंगठी काढलेली नाही आणि व्ह्यू एकच, म्हणजे एकाच बाजूनं काढलेलं चित्र. आज असं काही घेऊन आलीस तर मी परत काढायला लावीन."

दुसऱ्या वर्षातली गोष्ट. संध्याकाळची ड्युटी होती. कॅज्युअल्टीतून व्हीलचेअरवर पन्नाशीचे एक गृहस्थ आले, बरोबर त्यांचा मुलगा. फॉर्मवर लिहिलेलं: उजवा खांदा, एपी (म्हणजे समोरून काढायचा एक्स-रे). फिट येऊन पडले. फ्रॅक्चर आहे का? दुखणं कमी होण्याचं इंजेक्शन झालेलं होतं. काका शुद्धीवर होते, पण सुस्त. जीभ चावली गेल्यामुळे बोलणं अडखळत होतं. उजवा हात पोटावर घेऊन त्यांनी तो डाव्या हातानं धरला होता. खांदा दुखणारा प्रत्येक माणूस असाच येतो, त्यामुळे त्यात विशेष वाटावं असं काही नव्हतं.

नाव विचारून फॉर्मशी ताडून घेतलं, डिटेक्टरवर, म्हणजे किरण टिपणाऱ्या पाटीवर, शिशाचा 'आर' (राइट, उजवा) मार्कर चिकटवला. (हल्ली बरेच जण मार्कर नंतर कॉम्प्युटरवर टाकतात. आमच्याकडे तशी सोय होती आणि सरांची सक्त मनाई होती. उजवं-डावं ठरवायचं ते पेशंट समोर असताना, असा त्यांचा दंडक.) काकांना स्टूलवर पाठ डिटेक्टरकडे करून बसवलं. खांद्याच्या एपीला दुखऱ्या बाजूकडे थोडं वळवायचं, म्हणजे खांद्याचं पातं डिटेक्टरला सपाट लागतं, आणि मग तळहात समोर करायला सांगायचं. तळहात समोर आला की दंडाचं हाड बाहेरच्या दिशेला फिरतं आणि त्याच्या डोक्याशेजारचा मोठा उंचवटा कडेला नीट दिसतो.

"काका, तळहात माझ्याकडे करा बरं, जमेल तेवढा."

त्यांनी प्रयत्न केला. मनगट कोपरापासून थोडं वळलं. दंड मात्र जागचा हलला नाही. पुन्हा सांगितल्यावर ते धडासकट उजवीकडे फिरले. त्यांच्या हिशेबानं त्यांनी हात वळवला होता. खरं तर फिरलं होतं सगळं अंग आणि हात पोटाशी होता तसाच होता. मी कोपराखाली हात देऊन अगदी हलकेच बाहेर वळवून पाहिलं. दुखणारा खांदा हाताला कसा लागतो, हे तोवर मला कळायला लागलं होतं. माणूस आधी कण्हतो, अंग आखडून घेतो, मग "हळू हळू" म्हणत चार-दोन अंश देतो. इथे काका कण्हायच्या आधीच हात अडला. पुढे जायला वावच नव्हता.

सर काचेमागून बघत होते. "जबरदस्ती करू नकोस. आहे तसा काढ."

काढला. स्क्रीनवर प्रतिमा आली आणि ती पहिल्या नजरेला चांगली दिसली, पंचाईत तीच होती. खांदा निखळतो तेव्हा बहुतेक वेळा दंडाचं डोकं पुढे आणि खाली सरकतं. तसा एक्स-रे आमच्या रिसेप्शनवरचा मुलगासुद्धा ओळखतो. इथे ते डोकं, म्हणजे हाडाचा गोळा, खांद्याच्या पात्यातल्या खोबणीच्या समोरच होतं. तडा कुठेच नव्हता.

ड्युटीवरचे डॉक्टर कन्सोलशी येऊन वाकले. "फ्रॅक्चर नाही. स्लिंग लावू आणि उद्या ऑर्थोला दाखवायला सांगू." त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. बाहेर रांग होती आणि समोरच्या एका प्रतिमेत तेवढंच दिसत होतं.

आता आमच्या मर्यादेचं सांगायला हवं. रोगाचं नाव घेणं हे रेडिओग्राफरचं काम नाही, शिकाऊ मुलीचं तर नाहीच. हे पहिल्याच दिवशी बजावलेलं असतं आणि ते योग्यही आहे. ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांत १९८० च्या दशकात रेड डॉट नावाची पद्धत आली. एक्स-रेत काही वावगं वाटलं तर रेडिओग्राफरनं फिल्मवर लाल टिकली लावायची, म्हणजे कॅज्युअल्टीतला डॉक्टर दुसऱ्यांदा बघतो. निदान सांगायचं नाही, फक्त 'इकडे बघा' म्हणायचं. आमच्याकडे टिकली नव्हती. पण एक गोष्ट माझ्या हाताला कळली होती आणि ती प्रतिमेत नव्हती.

"सर, हात बाहेर वळतच नाहीये," मी म्हणाले. "दुखतंय म्हणून नाही. अडतोय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही, स्क्रीन मोठी केली. दंडाचं डोकं सगळीकडून सारखं गोल दिसत होतं. एरवी बाहेरच्या बाजूला जो उंचवटा असतो तो गायब. पुस्तकात याला लाइट बल्ब साइन म्हणतात. मात्र हात आतल्या बाजूला वळलेला असला तर धडधाकट खांदाही जवळपास असाच दिसतो, त्यामुळे नुसत्या त्यावर भिस्त ठेवता येत नाही. दुसरी खूण खोबणीच्या पुढच्या कडेपासून डोक्यापर्यंतच्या अंतराची. ते सहा मिलिमीटरच्या वर गेलं तर शंका घ्यायची. सरांनी कर्सरनं मोजलं. सहाच्या वर भरलं.

"डॉक्टर, फिटची केस आहे. दुसरा व्ह्यू घेऊन बघायचा का?"

फिटचा उल्लेख त्यांनी मुद्दाम केला होता. फिट येते तेव्हा अंगातले सगळे स्नायू एकदम आवळतात. दंड आत वळवणारे स्नायू बाहेर वळवणाऱ्यांपेक्षा कितीतरी दांडगे असतात. त्या ओढाताणीत दंडाचं डोकं मागच्या बाजूनं खोबणीबाहेर ढकललं जातं. विजेचा झटका बसलेल्यांतही हेच होतं. निखळलेल्या खांद्यांत असे मागे गेलेले शंभरात दोन ते चारच. समोरून काढलेल्या चित्रात मागे-पुढे कळत नसल्यामुळे नजरेतून निसटण्यात मात्र त्यांचा नंबर वरचा. हात तसाच स्लिंगमध्ये अडकवून आठवडे गेले की पुढे बसवणं अवघड होऊन बसतं.

डॉक्टर म्हणाले, "घ्या, पण अ‍ॅक्झियल कसा घेणार? हात तर उचलत नाहीयेत ते."

"न उचलता निघतो," सर म्हणाले, आणि मला, "वेल्पो वाचलायस ना?"

वाचला होता. केला कधीच नव्हता. नेहमीच्या अ‍ॅक्झियलला हात बाजूला उचलून काखेतून किरण सोडावे लागतात. वेल्पोत हात पोटावर आहे तसाच राहू द्यायचा. डिटेक्टर टेबलावर आडवा ठेवायचा, पेशंटला टेबलाकडे पाठ करून बसवायचं आणि वीस-तीस अंश मागे झुकवायचं, म्हणजे खांदा डिटेक्टरच्या बरोबर वर येतो. मग ट्यूब सरळ खाली. कागदावर चार रेषांचं चित्र. प्रत्यक्षात, नुकतीच फिट येऊन गेलेल्या, अर्धवट झोपेतल्या आणि मागे काय आहे ते दिसत नसलेल्या माणसाला मी सांगत होते की मागे रेला. ते का रेलतील?

पहिल्यांदा ते जेमतेम पाच अंश झुकले आणि परत ताठ झाले. आता कोणीतरी धरायला हवं होतं. पेशंटला धरणं हे आमच्यातल्या कुणाचंही रोजचं काम असू नये, आणि विद्यार्थ्यांनी तर धरायचंच नाही, असा नियम आहे. नातेवाईक एकदा धरतो, आम्ही धरायला लागलो तर रोजच धरू आणि रोजच किरण अंगावर घेऊ. मुलाला शिशाचा अ‍ॅप्रन घातला, डाव्या बाजूला उभं केलं, त्याचे हात किरणांच्या चौकटीबाहेर राहतील असे वडिलांच्या पाठीशी लावले. मी समोर बसून काकांना सांगितलं, "मुलगा मागे आहे, त्याच्या हातावर भार टाका. टेबल कमरेला लागेल, घाबरू नका." मान डावीकडे कलती करायला लावली, नाहीतर डोकंच चौकटीत येणार. प्रकाशाची चौकट खांद्यापुरती आवळली. सरांनी एकदाच येऊन ट्यूब बोटभर सरकवली. त्यांच्या दृष्टीनं ती शाबासकीच होती.

"हलू नका आता." काचेमागे धावले, एक्सपोजर दिलं, परत धावत जाऊन त्यांना सरळ केलं.

या चित्रात खांदा वरून दिसतो. पुढे काय, मागे काय, हे एकदम उघड होतं. दंडाचं डोकं खोबणीच्या मागे गेलं होतं. नुसतं गेलं नव्हतं, तर खोबणीची मागची कड डोक्याच्या पुढच्या भागात रुतून बसली होती. हात का अडत होता त्याचा जाब तिथे लिहिलेला होता. हाड हाडात अडकलेलं, वळणार कुठून?

"अरे, हे तर मागे आहे," डॉक्टर म्हणाले आणि तिथूनच ऑर्थोला फोन लावला. स्लिंग आणि उद्याचा विषय संपला. फिटमध्ये कधी कधी दोन्ही खांदे जातात, म्हणून त्यांनी डावाही तपासला. तो तळहात सहज फिरला, तेव्हा त्याचा एक्स-रे काढायची गरज पडली नाही.

पुढचं सगळं ओळीनं झालं. रुतलेली खाच किती खोल आहे ते पाहायला सीटी झाला. भूल देऊन खांदा बसवला. बसवल्यानंतरचे एक्स-रे माझ्याकडेच आले. फॉर्मवर या वेळी दोन व्ह्यू लिहिलेले होते. मागे निखळलेला खांदा बसवल्यावर हात पोटावर बांधत नाहीत, थोडा बाहेर वळवून ब्रेसमध्ये ठेवतात. त्यामुळे आधीची सगळी मांडणी निरुपयोगी झाली आणि ब्रेसची पट्टी नेमक्या सांध्यावर येऊ नये म्हणून मला बराच वेळ खटपट करावी लागली. काका तेव्हा पूर्ण जागे होते. "परत मागे झुकायचंय का?" एवढंच त्यांनी विचारलं. झुकायचं होतं.

नियमाप्रमाणे प्रत्येक हाडाचे एकमेकांशी काटकोनात असलेले निदान दोन व्ह्यू हवेत. हे प्रत्येक विद्यार्थी म्हणून दाखवतो. तरीही 'खांदा, एपी' एवढंच लिहिलेले फॉर्म रोज येतात, आणि गर्दीच्या वेळी आम्हीही तेवढंच काढून मोकळे होतो. दुसरा व्ह्यू मागायला फोन करायचा, कारण सांगायचं, समोरच्याची चिडचिड ऐकायची, याला जीव लागतो. माझ्या मते शिकाऊंना पोझिशनिंगच्या आधी हे फोन करायला शिकवावं.

फिट येऊन गेलेला कुणीही खांद्यासाठी आला की मी आधी तळहात वळवायला सांगते. बहुतेकांचा वळतो. एकदा एका बाईंचा वळेना तेव्हा मी घाईघाईनं सरांना बोलावून आणलं आणि दुसऱ्या व्ह्यूची परवानगीही मिळवली. सांधा अगदी जागेवर होता. विचारल्यावर कळलं की त्यांचा खांदा फिटच्या कितीतरी आधीपासून आखडलेला होता, चांगला जुना फ्रोझन शोल्डर. सर म्हणाले, "विचारायचं होतंस." मग माझ्या प्रश्नांत तोही एक वाढला.