डोंगरी, देवळाली आणि मुंगूस

इंग्रजी शब्दाचं मूळ शोधताना गोष्ट किती रंगतदार आहे हे पाहू नये. आधी तारीख पाहावी. ‘बॉम्बे डक’ या बोंबलाच्या इंग्रजी नावाचंच घ्या. मेल गाडीतून, म्हणजे ‘बॉम्बे डाक’मधून, सुके बोंबील जायचे, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. पण देशातली पहिली प्रवासी गाडी, बोरीबंदर-ठाणे, सुटली १८५३ मध्ये आणि हे नाव त्याआधीच छापलेलं सापडतं. तिथेच गोष्ट बाद.

‘डंगरी’ मात्र आपल्या मुंबईतल्या डोंगरीची. तिथल्या जाड्याभरड्या सुती कापडाला ‘डुंगरी’ म्हणत. इंग्रजी कागदपत्रांत ते सतराव्या शतकापासून दिसतं. आधी कापडाचं नाव, पुढे त्या कापडाच्या कामगारी कपड्यांचं.

सगळ्यात झकास ‘डूलॅली’, म्हणजे डोकं फिरलेला. हे आपलं नाशिकजवळचं देवळाली! मुदत संपलेले गोरे शिपाई तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत. जहाजं साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढीच. हंगाम चुकला की उन्हाळा, पावसाळा तिथेच. काम नाही, दारू आणि हिवताप मात्र भरपूर. मूळ प्रयोग ‘डूलॅली टॅप’. त्यातला टॅप म्हणजे ताप. पुढे ताप गळला, वेड उरलं.

‘मंगूस’ तर थेट मराठी मुंगूस. त्याचा ‘गूस’ या हंसपक्ष्याशी काही संबंध नाही, म्हणून अनेकवचन ‘मंगूसेस’. ‘मंगीस’ लिहिलंत तर लाल शाई ठरलेली.