थर्टी फर्स्टची वाईन: चार बाटल्या, एक विहीर आन् एक ओलं पोतं

तं मंडळी, थर्टी फर्स्टला घरच्या आठ जणांची वाईन 3,000 रुपयांत बसवायची असं मी ठरवलं होतं, त्याचा आतापर्यंतचा हिशेब. चार बाटल्या उघडल्या, दोन फसल्या.

आमच्या तालुक्याच्या वाईन शॉपमध्ये वाईन सोडून सगळं भेटते. रम, व्हिस्की, बिअर रांगेत, आन् वरच्या फळीवर धूळ खात तीन बाटल्या. नागपूरहून आणायची तं मधात वर्धा जिल्हा, पूर्ण दारूबंदी, तिथून बाटली घेऊन यायची आपली हिंमत नाही बाप्पा.

म्हणून पहिली त्या फळीवरचीच लाल घेतली, स्वस्त पडली. ओतली तं रंग विटेसारखा, वास शिजवलेल्या मनुकांचा. आता यात वाईनचा दोष कमी, फळीचा जास्त, कारण मे महिन्यात आपल्याकडं पारा 45 ला टेकते आन् पत्र्याखाली बाटलीनं दोन उन्हाळे काढले की तिचा मुरांबाच होते. आता आधी लेबलवरचं साल पाहतो, बूच वर सरकलेलं दिसलं की परत ठेवतो, आन् जिथं माल खपते तिथूनच घेतो, म्हणजे सरळ यवतमाळ.

दुसरी सुला कंपनीची शेनिन ब्लाँ, म्हणजे पांढरी वाईन, फिरकीचं झाकण, ओपनर शोधायची कटकट नाही. सावजी मटणासोबत हीच चालली. तर्रीवर तुरट लाल घेतली की तिखट अजूनच चढते, हिच्यात थोडा गोडवा आहे, त्यात थंडगार, जीभ शांत होते.

आता फेसवाली. लेबलवर एक्स्ट्रा ड्राय वाचून सगळ्यात कोरडी, म्हणजे सगळ्यात कमी गोड, समजू नका, मीही फसलो होतो. ब्रूट तिच्याहून कोरडी, लिटरमागं साखर 12 ग्रॅमपेक्षा कमी, एक्स्ट्रा ड्रायमध्ये 12 ते 17. आन् शॅम्पेन म्हणजे फक्त फ्रान्समधल्या त्याच नावाच्या भागातली, पण सुला ब्रूट किंवा दिंडोरीची शाँदों घेतली तरी फेस आणणारं दुसऱ्यांदा आंबवणं त्याच पद्धतीनं, बाटलीतच होते. टाकीत आंबवलेली स्वस्त पडते, ती पण वाईट नसते.

तिसरी ब्रूट होती. ऐन वेळेवर लाईट गेली, फ्रिज बंद, मी शहाणपणा करून बाटली दोरीनं विहिरीत सोडली. अरे, हिवाळ्यात विहिरीचं पाणी कोमट राहते, रोज सकाळी त्यानंच आंघोळ करतो आन् तेवढं डोक्यात आलं नाही! आत दाब मोटारीच्या टायरच्या दुप्पट-तिप्पट, त्यात कोमट, बूच सुटलं आन् अर्धी बाटली मोठ्या बाबांच्या धोतरावर.

"काहून बे, हे प्याचं हाय का आंघोळीचं?"

चौथी पण फेसवालीच, तिला शेनिनसारखंच नीट थंड करायचं ठरवलं. रात्रभर गच्चीवर ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवली, वारा होताच, आन् उघडायच्या आधी अर्धा तास बादलीत बर्फ, पाणी आन् दोन मुठी जाडं मीठ. मग तारेची पिळ सहा अर्धे वेढे उलटी सोडायची, अंगठा बुचावर दाबून ठेवायचा आन् बूच नाही तं बाटली फिरवायची. फट्ट नाही, नुसतं फुस्स, एक थेंब सांडला नाही. उभ्या काचेच्या ग्लासात बारीक बुडबुड्यांची दोरी बुडापासून वर चढत राहिली, पोरं मोबाईल घेऊन धावली. सोबत वहिनीची गरम सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, तळलेल्याचा तेलकटपणा तो आंबट फेस असा काही धुऊन काढते की भज्यांनाही हेच चालेल. वहिनी आधी नको म्हणत होती, मग म्हणे, "भाऊ, मले अजून थोडी."

तं 31 ला एक ब्रूट, एक शेनिन, आन् गोड आवडणाऱ्यांसाठी सुलाचीच एक दिया, तिच्यात अल्कोहोलही कमी. 750 मिली म्हणजे 90-90 चे आठ ग्लास, ज्यादा मागू नका. मोठे बाबा म्हणतात माझी क्वार्टर मी पाहतो.